माहिती फुटल्यावर सुरुवात कुठून करावी: ई-मेल, सिमकार्ड, बँक आणि आधार सुरक्षित करण्याचा क्रम

एखाद्या कंपनीकडून ग्राहकांची माहिती फुटल्याची बातमी आली की बहुतेक लोक घाईघाईने बँकेचा पासवर्ड बदलतात आणि निश्चिंत होतात. हेतू चांगला असतो, पण क्रम चुकलेला असतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतील एका निवृत्त गृहस्थांनी एका संध्याकाळी एकाच खरेदीच्या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा तो पलीकडून कोणीतरी पुन्हा बदलला. कारण साधे होते. त्यांचा ई-मेल आधीच दुसऱ्याच्या संगणकावर उघडा होता आणि 'पासवर्ड विसरलात का' या बटणाने येणारा प्रत्येक दुवा त्या माणसालाही दिसत होता. दाराचे कुलूप बदलले, पण किल्ल्यांचा जुडगा चोराच्याच खिशात राहिला.

पेपर फुटला तर परीक्षा पुन्हा घेता येते; जन्मतारीख पुन्हा घेता येत नाही. म्हणून फुटलेली माहिती परत मिळवण्याचा विचार सोडून द्यावा. ती ज्याच्या हाती पडली आहे त्याला तिचा उपयोग होऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे आणि खालील सर्व टप्पे त्यासाठी आहेत.

आधी हे वाचा: खात्यातून पैसे गेले असतील, तर बाकी सर्व बाजूला ठेवून थेट नवव्या टप्प्याकडे जावे. तिथे मिनिटांना किंमत आहे. इतर टप्पे दुसऱ्या दिवशीही करता येतात.

## तयारी

या कामाला सलग तीन तास लागतात. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात अन्य कोणत्याही कामाची नसते, तेव्हा तीच धरावी. काम स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर आणि शक्य असल्यास स्वतःच्या संगणकावर करावे. हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कार्यालयातून मिळालेला लॅपटॉप यासाठी वापरू नये, कारण त्यावर कंपनीची देखरेख असू शकते आणि नोकरी सोडताना तो जसाच्या तसा परत द्यावा लागतो. त्याच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड अनेकांच्या लक्षातही राहत नाहीत. कॅफेतील किंवा रेल्वे स्थानकावरील वाय-फायही टाळावे.

एक कोरी वही घ्यावी. तिच्यात पासवर्ड लिहायचे नाहीत. तिच्यात खात्यांची यादी, प्रत्येक खात्याला जोडलेला ई-मेल व मोबाईल क्रमांक, केलेल्या बदलाची तारीख आणि पुढे मिळणारे तक्रार क्रमांक लिहायचे आहेत. आधारशी जोडलेला मोबाईल हाताशी असावा. तो मुलाच्या नावावर असेल आणि मुलगा परदेशात असेल, तर सहाव्या टप्प्यात काम अडते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

नेमके काय फुटले आहे, हे त्यानंतर पाहावे. 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर आपला ई-मेल पत्ता घातला की आजवर उघड झालेल्या कोणत्या माहितीसाठ्यांत तो आढळला आणि त्याबरोबर कोणत्या प्रकारची माहिती बाहेर गेली, हे विनामूल्य कळते. तिथे पत्ता सापडला नाही म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असा अर्थ मात्र काढू नये; जे साठे उघडपणे फिरत नाहीत, ते त्या यादीत येत नाहीत. माहिती जुनी आहे म्हणून दुर्लक्षही करू नये. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची जी माहिती फुटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, तिच्यात ऑगस्ट २०११ पासून नोंदवलेले तपशील होते.

फुटलेल्या माहितीच्या प्रकारावरून भर कुठे द्यायचा ते ठरते. पासवर्ड फुटला असेल तर दुसरा आणि तिसरा टप्पा, मोबाईल क्रमांक व पत्ता फुटला असेल तर चौथा, आधार किंवा पॅनची प्रत फुटली असेल तर सहावा आणि सातवा टप्पा महत्त्वाचा ठरतो. क्रम मात्र बदलू नये.

## टप्पा १: फोन स्वच्छ आहे याची खात्री

ज्या फोनवर कोणाचा डोळा आहे, त्याच फोनवरून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे तो त्याच्याच हाती देणे. म्हणून सुरुवात इथून होते.

फोनची प्रणाली अद्ययावत करावी. नंतर ॲपची संपूर्ण यादी एकदा डोळ्यांखालून घालावी आणि जे ॲप आपण प्ले स्टोअरमधून घेतल्याचे आठवत नाही, ते काढून टाकावे. वाहतूक दंडाचे ई-चलन, गॅसच्या थकीत बिलाची नोटीस किंवा लग्नाची पत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आणि शेवटी 'डॉट एपीके' असे लिहिलेल्या फाइल या बाबतीत सर्वात घातक आहेत. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. ती उघडण्यासाठी काही स्थापित करावे लागत असेल, तर ती पत्रिका नव्हे.

यानंतर सेटिंगमध्ये जाऊन 'ॲक्सेसिबिलिटी', 'नोटिफिकेशन ॲक्सेस' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या तीन परवानग्या कोणत्या ॲपला दिल्या आहेत, ते पाहावे. पहिल्या परवानगीने पडद्यावरचे सर्व वाचता येते आणि दुसरीने सूचनेत आलेला ओटीपी वाचता येतो. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे दुरून फोन चालवण्याचे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेतले असेल, तर तेही काढावे.

सावधान: अनोळखी एपीके आधीच स्थापित केली असेल, तर फक्त ते ॲप काढून भागत नाही. फोन लगेच विमान मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, छायाचित्रांची प्रत काढावी आणि फोन मूळ स्थितीत आणावा (फॅक्टरी रीसेट). पुढचे टप्पे त्यानंतरच करावेत.

## टप्पा २: ई-मेल

सर्वात अधिक वेळ इथे द्यावा. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती बाकीची जवळपास सर्व खाती, कारण प्रत्येक खात्याचा पासवर्ड नव्याने ठरवण्याचा दुवा ई-मेलवरच येतो. जीमेल डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या देत आहे. अन्य सेवांमध्ये नावे थोडी वेगळी असली तरी क्रम हाच राहतो.

१. पासवर्ड बदलावा. नवा पासवर्ड अन्य कुठेही वापरलेला नसावा आणि जुन्याच पासवर्डच्या शेवटी नवे वर्ष जोडून केलेलाही नसावा. जुना पासवर्ड ज्याच्या हाती आहे, तो हीच युक्ती सर्वप्रथम करून पाहतो.

२. 'युवर डिव्हाइसेस' या यादीत आपले खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे, ते पाहून अनोळखी किंवा विकून टाकलेल्या उपकरणांवरून बाहेर पडावे. पासवर्ड बदलला की सगळे आपोआप बाहेर पडतात, असे गृहीत धरू नये.

३. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाईल क्रमांक व दुसरा ई-मेल तपासावा. इथे चूक हमखास सापडते. बंद पडलेला मोबाईल क्रमांक दूरसंचार कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. महाविद्यालयात असताना घेतलेला आणि पुढे सोडून दिलेला क्रमांक तिथे तसाच असेल, तर आपल्या खात्याची किल्ली आज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर येत असेल.

४. 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' तपासावेत. कोणी एकदा आत शिरून सर्व पत्रांची प्रत आपल्या पत्त्यावर जाईल अशी सोय करून ठेवली असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही ती सोय चालूच राहते. बँकेची पत्रे परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावलेला असेल, तर धोक्याची सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये ही व्यवस्था दिसत नाही; ती संगणकाच्या ब्राउझरमधूनच पाहावी लागते. म्हणूनच तयारीत संगणकाचा उल्लेख केला.

५. कोणत्या बाहेरच्या ॲपना आपल्या गूगल खात्यात प्रवेश दिला आहे, ते पाहून नको असलेले तोडावेत. कधीकाळी कुंडली पाहण्यासाठी किंवा छायाचित्र सजवण्यासाठी दिलेली परवानगी अजून जिवंत असते.

६. शेवटी द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा पुरावा मागण्याची सोय, चालू करावी. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारे) किंवा पासकी (फोनच्या कुलपानेच ओळख पटवणारी किल्ली) अधिक भरवशाची, कारण सिमकार्ड हातचे गेले तरी ती चालते. हे करताना गूगल १० बॅकअप कोड देते आणि त्यातील प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून शिधापत्रिका जिथे ठेवता तिथे ठेवावेत.

सावधान: बॅकअप कोडचे छायाचित्र काढून त्याच फोनमध्ये ठेवणे निरुपयोगी आहे. फोन हरवला की तेही हरवतात.

तपासणी: संगणकावर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून नव्या पासवर्डने आणि दुसऱ्या पडताळणीने आत जाता येते का, ते पाहावे. जाता आले, की पुढे जावे.

## टप्पा ३: बाकीचे पासवर्ड

फुटलेल्या पासवर्डमुळे होणारे नुकसान बहुधा ज्या संकेतस्थळावरून तो फुटला तिथे होत नाही. चोर ई-मेल आणि पासवर्ड यांची जोडी घेऊन ती इतर शेकडो संकेतस्थळांवर यंत्राने लावून पाहतात. किराणा मागवण्याच्या ॲपचा आणि म्युच्युअल फंडाच्या खात्याचा पासवर्ड एकच असेल, तर किराण्याची फूट म्युच्युअल फंडापर्यंत पोहोचते.

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवून तो डोक्यात ठेवणे कोणालाही शक्य नाही, म्हणून पासवर्ड व्यवस्थापक, म्हणजे सर्व पासवर्ड कुलूपबंद साठवणारे ॲप, वापरावा. बिटवॉर्डन, कीपास किंवा फोनमध्ये मुळातच असलेला गूगल अथवा ॲपलचा व्यवस्थापक, यांपैकी कोणताही चालेल. दोन-तीन एकत्र मात्र वापरू नयेत. मग कोणता पासवर्ड ताजा हेच कळत नाही.

व्यवस्थापकाचा मुख्य पासवर्ड हा चार-पाच असंबद्ध शब्दांचा असावा आणि ते शब्द घरातल्या वस्तू पाहून चिठ्ठ्या टाकून निवडावेत. अभंगाची ओळ, गडाचे नाव, कुलदैवत, गाडीचा क्रमांक किंवा मुलांची नावे वापरू नयेत. मराठी माणसाचा पासवर्ड ओळखायचा झाल्यास कोणीही आधी 'शिवाजी' आणि 'गणपती' हेच टाकून पाहील.

सर्व खाती एका दिवसात बदलण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी बँक (चौथा टप्पा झाल्यावर), गुंतवणूक, आयकराचे ई-फायलिंग, डिजिलॉकर आणि फुटलेल्या सेवेचे खाते एवढी बदलावीत. उरलेली जसजशी उघडली जातील तसतशी बदलावीत.

## टप्पा ४: मोबाईल क्रमांक

संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपला क्रमांक व ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, ते दिसते. अनोळखी क्रमांक आढळला तर तिथेच 'हा माझा क्रमांक नाही' असे नोंदवता येते. ओळखपत्राची प्रत फुटल्याचा परिणाम अनेकदा प्रथम इथेच उघड होतो.

व्हॉट्सॲपमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा सहा अंकी पिन ठेवावा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक नाही ना, ते पाहावे. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवलेले नाहीत, हेही पाहून घ्यावे.

त्यानंतर सिमकार्डला पिन लावावा, म्हणजे चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी चालत नाही. पिन लावताना सिमचा मूळ पिन विचारला जातो. तो ठाऊक नसेल तर अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकला की सिम अडकते आणि ते उघडण्याचा पीयूके क्रमांक लागतो, आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचे बाद होते.

सावधान: फोनचे नेटवर्क अचानक जाणे हे आपल्या नावाने दुसरे सिम काढले गेल्याचे लक्षण असू शकते. पार्किंगच्या तळघरात नेटवर्क जाणे नेहमीचे आहे, पण घरात बसलेले असताना ते गेले, शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनवर मात्र आहे, आणि फोन बंद-चालू करूनही परत येत नाही, असे झाल्यास सकाळची वाट पाहू नये. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग दूरसंचार कंपनीला कळवावे.

## टप्पा ५: बँक, कार्ड आणि यूपीआय

आता कुठे बँकेची पाळी येते. ई-मेल आणि सिम सुरक्षित झाल्यावर बदललेला पासवर्ड टिकतो.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार आणि स्पर्शविरहित व्यवहार लागत नसतील तर बंद करावेत आणि ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा आपल्या नेहमीच्या खर्चाइतकी ठेवावी. यूपीआयसाठी एक वेगळे बचत खाते ठेवून त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवणे हा मला सर्वात परिणामकारक वाटलेला उपाय आहे. निवृत्तिवेतनाचे किंवा मुदत ठेवींचे खाते यूपीआयला जोडण्याची गरज नसते.

व्यवहाराच्या सूचना एसएमएस आणि ई-मेल अशा दोन्ही मार्गांनी चालू आहेत का, हे अवश्य पाहावे. यामागे नियमाचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार मर्यादित राहतो. पुण्यात असंख्य लोकांची खाती सहकारी बँकांत आहेत; त्यांच्यासाठी तसेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जाते.

१ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्यामुळे खरेदीच्या ॲपवरून आज माहिती फुटली तर तिच्यात बहुधा नाव, पत्ता, मोबाईल आणि काय मागवले याची यादी असते. याचा पहिला परिणाम म्हणजे फोन. पलीकडचा माणूस आपले नाव, इमारत, मागच्या महिन्यातील खरेदी, क्वचित आधारचे शेवटचे चार अंकही बिनचूक सांगतो आणि आपण तो खरा अधिकारी आहे असे मानतो. त्याला हे सर्व ठाऊक असणे हा तो खरा असल्याचा पुरावा धरू नये. फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असे खाजगी क्रमांकावरून आलेले संदेशही याच जातीचे असतात. बिल थकले आहे का, ते महावितरणच्या स्वतःच्या ॲपमध्ये पाहावे.

## टप्पा ६: आधार, पॅन आणि झेरॉक्सचे दुकान

भाडेकरार, सिमकार्ड, मुलांचे प्रवेश, पोलिसांकडील भाडेकरू नोंदणी, या सर्वांसाठी पुण्यात माणूस वर्षातून चार वेळा तरी ओळखपत्र कोणाच्या तरी स्वाधीन करतो. त्यातली मोठी फूट कोण्या हॅकरकडून होत नाही, ती आपण स्वतः पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशातून होते. अप्पा बळवंत चौकातले असो की गल्लीतले, झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर व्हॉट्सॲप दिवसभर उघडे असते. दुकानदार प्रामाणिक असला तरी 'डाउनलोड' फोल्डरमध्ये शंभर लोकांचे आधार पडून असतात. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केल्याने तिथे उतरलेली फाइल जात नाही. कागद हातात नेऊन झेरॉक्स काढावी. फाइल पाठवणे भागच असेल, तर छपाई झाल्यावर ती फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून काढेपर्यंत तिथेच उभे राहावे. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू द्यावी.

पायऱ्या अशा आहेत:

१. आधारच्या संकेतस्थळावरून अंकांपैकी शेवटचे चारच दिसणारे 'मास्क्ड आधार' उतरवून घ्यावे आणि जिथे चालते तिथे तेच द्यावे. पडताळणीसाठी क्रमांक मागितला तर आधारऐवजी चालणारा सोळा अंकी आभासी क्रमांक देता येतो का, ते विचारावे.

२. प्रत देताना तिच्यावर तारीख, कोणाला आणि कशासाठी दिली ते शाईने आडवे लिहावे. अक्षरे छायाचित्रावर थोडी चढलेली असावीत, म्हणजे ती कापून काढता येत नाहीत.

३. बायोमेट्रिक कुलूप लावावे. यामुळे आपला अंगठा, डोळा किंवा चेहरा वापरून कोणी आधार पडताळणी करू शकत नाही. अंगठ्याचा ठसा नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवरही असतो आणि बँकेतील पैसे आधार व अंगठ्याने काढता येतात, म्हणून हे कुलूप महत्त्वाचे. ओटीपीने होणारी पडताळणी यामुळे अडत नाही.

४. पडताळणीचा इतिहास उघडून आपल्या नकळत आधार कुठे वापरले गेले का, ते पाहावे.

नेहमी अडणारी जागा: भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट यंत्र घेऊन घरी येतो, सर्वांचे अंगठे लागतात आणि कुलूप लावलेल्या माणसाचा लागत नाही. मग वैतागून कुलूप कायमचे काढले जाते. तसे करू नये. एम-आधार ॲपमधून ते काही मिनिटांपुरते उघडता येते आणि नंतर आपोआप पुन्हा लागते. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याच्या वेळी, आणि शिधावाटप दुकानात जाण्यापूर्वीही, हेच करावे लागते.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती कोणालाही पाठवायला हरकत नाही, हाही एक गैरसमज आहे. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ज्याला आपले नाव आणि जन्मवर्ष ठाऊक आहे, त्याच्यासाठी ते कुलूप नाहीच.

## टप्पा ७: आपल्या नावावर कर्ज तर नाही ना

सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांनी (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या) वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. चारही एकदम मागवण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एकाकडून मागवला, तर वर्षभर फुकट पहारा राहतो. लोक फक्त पतगुण (स्कोअर) पाहतात आणि अहवाल मिटतात. पाहायचे असते ते 'एन्क्वायरी' या भागात: जिथे आपण कधी अर्ज केला नाही अशा कर्जसंस्थेने आपली माहिती मागवलेली दिसली, तर कोणीतरी आपल्या पॅनवर कर्जाचा प्रयत्न केलेला असतो. अशी नोंद दिसताच त्या कंपनीकडे आणि कर्जसंस्थेकडे लेखी हरकत घ्यावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

आयकराच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणपत्रही याच वेळी उघडून पाहावे. तिथे न केलेला व्यवहार दिसला तर तोही इशारा समजावा.

## टप्पा ८: जुनी खाती बंद करणे

जी माहिती साठवलेलीच नाही ती फुटत नाही. ई-मेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे शब्द शोधले की विसरलेली खाती सापडतात. फोनवरून नुसते ॲप काढल्याने खाते बंद होत नाही. आधी पत्ता व कार्ड काढावे, मग ॲपमधूनच खाते हटवावे. यात पूर्णता शोधू नये. दर रविवारी पाच खाती पुरे.

## टप्पा ९: पैसे गेले तर

१. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा. मोबाईल क्रमांक, बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक) समोर लिहून ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी ती गोठवणे हाच या फोनचा उद्देश आहे, म्हणून नातेवाइकांशी चर्चा नंतर करावी.

२. बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्यावे आणि तक्रार क्रमांक मागावा. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. शोधात वर दिसणारे अनेक 'ग्राहक सेवा' क्रमांक चोरांचेच असतात.

३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पुरावे जोडावेत. संदेश, ॲप किंवा कॉलची नोंद रागाच्या भरात पुसून टाकू नये. फोन मूळ स्थितीत आणायचा असेल तर पडद्याची छायाचित्रे आधी दुसरीकडे पाठवावीत.

४. पोलिसांकडे जाताना हद्दीचा घोळ होतो. कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर हे पुणे शहर आयुक्तालयात येतात आणि हिंजवडी, वाकड, निगडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. ग्रामीण पोलीस तिसरे. तरीही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. 'हे आमच्याकडे येत नाही' असे उत्तर मिळाल्यास या कलमाचा शांतपणे उल्लेख करावा.

५. बँकेला लेखी अर्ज त्याच दिवशी शाखेत नेऊन द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. वर सांगितलेले ३ कामकाजाचे दिवस मोजताना वाद झाला, तर हाच कागद उपयोगी पडतो. त्याच परिपत्रकानुसार बँकेने तक्रार मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते. तो दहावा दिवस वहीत तारखेसह लिहून ठेवावा आणि अकराव्या दिवशी सकाळी शाखा उघडताच शिक्क्याची प्रत घेऊन हजर राहावे.